ऐन मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात: ल्यूपसची माहिती लोकांपर्यंत पोचवायची कशी

१० मे हा जागतिक ल्यूपस दिन. २००४ पासून तो पाळला जातो. नागपुरात तेव्हा नवतपा (मेअखेरचे ऐन तापलेले नऊ दिवस) अजून दोन आठवडे लांब असतो, तरी पारा अनेकदा ४३-४४ अंशांवर गेलेला असतो. ल्यूपस असलेल्या बाईसाठी ऊन हा नुसता त्रास नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी चेहऱ्यावर चट्टे उठतात, सांधे आखडतात आणि कधी शांत बसलेला आजार मूत्रपिंडापर्यंत उफाळतो. त्यामुळे संविधान चौकातून सकाळी दहाला फेरी काढायची, जांभळे टी-शर्ट घालायचे आणि रुग्णांना पुढे चालायला लावायचं, हा बेत मनात असेल तर तो आधी रद्द करा. ज्यांच्यासाठी काम करायचं, त्यांनाच त्यातून इजा होईल.

हे मार्गदर्शन महिला मंडळं, बचत गट, महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजना पथकं, रोटरी-लायन्ससारखे क्लब आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी आहे. पैसा थोडा लागतो, तयारी मात्र जास्त.

निरोप एकच ठेवा

ल्यूपस म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेने स्वतःच्याच पेशींवर केलेला हल्ला. त्वचा, सांधे, रक्त, मूत्रपिंड, फुप्फुसांचं आवरण, मेंदू, कुठेही तो होऊ शकतो. दर दहा रुग्णांमागे साधारण नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो १५ ते ४५ या वयात गाठतो. एवढी माहिती दोन मिनिटांत सांगून होते. बहुतेक कार्यक्रम इथेच फसतात, कारण पुढचा अर्धा तास प्रतिपिंडं (संरक्षण यंत्रणेने बनवलेली प्रथिनं), जनुकं आणि अवयवांच्या चित्रांत जातो. ऐकणारी बाई घरी जाते तेव्हा तिच्या हातात काहीच उरत नाही.

लोकांना रोग समजावणं हे दुय्यम आहे. पहिली तक्रार आणि पहिली लघवीची तपासणी यांच्यामधला वेळ कमी करणं हे खरं काम. ल्यूपसमध्ये मूत्रपिंडाला सूज येते तेव्हा सुरुवातीला काहीही दुखत नाही. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, रक्तदाब वाढतो आणि पाय सुजेपर्यंत महिने निघून गेलेले असतात. साध्या लघवीच्या तपासणीत हे आधीच दिसतं आणि ती तपासणी मोहल्ल्यातल्या कोणत्याही लॅबमध्ये होते. तुमचं भाषण, कार्ड, भिंतीवरचा फलक, सगळं या एका गोष्टीकडे वळलं पाहिजे.

कार्ड

जाड कागदावर, पोस्टकार्डाएवढं, दोन्ही बाजूंनी छापलेलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. मोमिनपुरा, ताजबाग अशा भागांसाठी उर्दूची वेगळी छपाई करा. अक्षर मोठं हवं. चाळिशीच्या पुढच्या बाईला चष्म्याशिवाय वाचता आलं नाही, तर कार्ड पर्समध्येच राहतं. मजकूर असा ठेवता येईल:

*सहा आठवड्यांपासून यातल्या दोन किंवा जास्त तक्रारी आहेत का?*
*– सकाळी बोटं, मनगटं आखडतात, दुखतात, सुजतात*
*– उन्हात गेल्यावर गालांवर-नाकावर चट्टा येतो किंवा गडद होतो*
*– कारण न सापडणारा ताप, कणकण*
*– तोंडात, विशेषतः टाळूला, वारंवार फोड. कधी ते दुखतही नाहीत*
*– केस मुठीने गळतात*
*– झोप होऊनही न जाणारा थकवा*
*– श्वास घेताना छातीत कळ*
*– आपोआप झालेले एकापेक्षा जास्त गर्भपात*
*डॉक्टरांना विचारा: "मला ल्यूपस असू शकतो का?" सोबत लघवीची तपासणी, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि रक्तदाब मोजण्याची विनंती करा.*
*पायांवर-डोळ्यांभोवती सूज, फेसाळ लघवी, दम लागणे, फिट येणे: त्याच दिवशी दवाखान्यात जा.*

"सहा आठवडे" आणि "दोन तक्रारी" हा निदानाचा निकष नाही, कोणी डॉक्टरांकडे जावं हे ठरवायची ती एक सोपी खूण आहे. वाटताना तोंडीही हे सांगा, नाहीतर थकवा आणि केसगळती असलेली प्रत्येक मुलगी घाबरेल. लोहाची कमतरता आणि थायरॉईड यांतही हेच होतं आणि ते ल्यूपसपेक्षा कितीतरी जास्त आढळतं.

कार्डावर औषधांची नावं, डोस किंवा खाजगी डॉक्टरांचा नंबर टाकू नका. नंबर टाकला की कार्डाची जाहिरात होते आणि दुसरे डॉक्टर ते आपल्या दवाखान्यात ठेवत नाहीत. "कुठे जायचं" या जागी सरकारी रुग्णालयांच्या मेडिसिन ओपीडीचा उल्लेख पुरतो: मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स. छापण्याआधी प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन ओपीडीचे वार आणि केसपेपरची वेळ विचारून घ्या. चुकीचा वार छापला, तर काटोल-उमरेडहून आलेल्या बाईची मजुरी आणि एसटीचं भाडं वाया जातं.

"संधिवाततज्ज्ञ" हा शब्द वापराल तिथे लगेच जोडून सांगा: हे हाडांचे डॉक्टर नव्हेत. सांधे दुखतात म्हणून माणसं अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातात, एक्स-रे चांगला येतो आणि वेदनाशामक गोळ्यांवर वर्ष निघतं. त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला अपायकारक असतात. ज्याचं मूत्रपिंड आधीच सुजलेलं असेल, त्याचं दुहेरी नुकसान होतं.

फोटोची चूक

इंटरनेटवर "बटरफ्लाय रॅश" शोधलं की गोऱ्या कातडीवरचा लालभडक चट्टा येतो. तोच फोटो फलकावर लावला, तर आपल्याकडची बाई "मला असं नाही" म्हणून पुढे जाते. सावळ्या त्वचेवर हा चट्टा तपकिरी, काळपट किंवा जांभळट दिसतो आणि ती त्याला "वांग आले" म्हणते. खूण सांगायची तर ही सांगा: चट्टा दोन्ही गाल आणि नाकाचा दांडा व्यापतो, पण नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी बहुधा मोकळी राहते. उन्हातून आल्यावर तो वाढतो. सोबत अंग दुखतं, ताप येतो. वांगात ताप येत नाही, सांधे दुखत नाहीत.

खरा फोटो मिळाला नाही तर चित्रकाराकडून सावळ्या चेहऱ्याचं रेखाचित्र करून घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. रुग्णाचा फोटो लेखी परवानगीशिवाय वापरायचा नाही, डोळ्यांवर काळी पट्टी लावूनही नाही. मोहल्ल्यात चेहरा पट्टीसकट ओळखला जातो.

कोणाला आधी गाठायचं

सभागृहात शंभर अनोळखी माणसं बसवण्यापेक्षा ज्यांच्या हाताखालून रोज शंभर चेहरे जातात अशी दहा माणसं गाठा.

ब्युटी पार्लर चालवणाऱ्या बाया यात पहिल्या. केस गळून टाळू कुठे दिसू लागली आणि गालावरचा डाग कधीपासून आहे, हे त्यांना घरच्यांच्या आधी कळतं. नंदनवन, मानेवाडा, जरीपटका, अशा एकेका भागातल्या पार्लरवाल्यांना दुपारच्या सुस्त वेळी अर्धा तास बोलवा. त्यांना तीन गोष्टी सांगा. उन्हाने वाढणाऱ्या चट्ट्यावर ब्लीच करू नका. "हे जाईल" असं वचन देऊ नका. कार्ड हातात द्या.

दुसरे औषध दुकानदार. चेहऱ्याच्या डागासाठी स्टिरॉइडचं क्रीम चिठ्ठीशिवाय मागितलं जातं आणि कुठे कुठे दिलंही जातं. त्याने चट्टा आठ-दहा दिवस फिका पडतो, बंद केलं की परत येतो आणि डॉक्टरांना मूळ खूणच दिसत नाही. अशा ग्राहकाला क्रीम नाकारून कार्ड दिलं, तर त्या दुकानदाराने मोठं काम केलं.

तिसऱ्या आशा आणि एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका). इथे एक खास गोष्ट सांगायची असते. गरोदरपणात व्हीडीआरएल ही सिफिलिसची चाचणी होते आणि ल्यूपसमधल्या काही प्रतिपिंडांमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. घरात संशय, भांडणं, मारहाण इथवर गोष्ट जाते. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली तर टीपीएचएसारखी खात्रीची चाचणी झाल्याशिवाय नवऱ्याला-सासूला काही सांगू नये. ज्यांचे गर्भ वारंवार पडले आहेत, त्यांच्या बाबतीत ल्यूपस आणि रक्तात गुठळ्या करणारी प्रतिपिंडं तपासायला सांगावीत. आशाताई हे एकदा नीट समजल्या की कधी विसरत नाहीत.

मोहल्ल्यातल्या डॉक्टरांसाठी वेगळं, एका पानाचं पत्रक करा आणि ते डॉक्टरांनीच डॉक्टरांना द्यावं. त्यात चार ओळी पुरतात: लघवीची रुटीन व मायक्रोस्कोपी, सीबीसी, क्रिएटिनिन, ईएसआर-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या) आधी. ईएसआर खूप वाढलेला आणि सीआरपी जवळपास नॉर्मल असेल तर ल्यूपसचा विचार करा (जंतुसंसर्गात बहुधा दोन्ही वाढतात). संशय असेल तरच एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ताची चाचणी), तोही शक्यतो इम्युनोफ्लुरेसन्स पद्धतीने. पॉझिटिव्ह आल्यास पुढच्या चाचण्यांसाठी तज्ज्ञाकडे.

आणि हळदीकुंकू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत नागपुरात क्वचितच एखादी संध्याकाळ रिकामी जाते. ल्यूपस ज्या वयात होतो, नेमक्या त्याच वयाच्या बाया तिथे असतात. वाण म्हणून प्लास्टिकचा डबा देण्याऐवजी काठ असलेली सुती टोपी किंवा घट्ट विणीचा दुपट्टा आणि सोबत कार्ड द्या. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. भिशीलाही हेच लागू.

१० मेचा कार्यक्रम

सूर्योदय साडेपाच-पावणेसहाच्या सुमाराला, सूर्यास्त पावणेसातच्या आसपास. म्हणजे मैदानातला कार्यक्रम पहाटे साडेपाचला सुरू करून साडेसातच्या आत आवरायचा, नाहीतर संध्याकाळी सातनंतर घ्यायचा. संध्याकाळ जास्त बरी. पहाटे ल्यूपसच्या रुग्णांचे सांधे सर्वांत जास्त आखडलेले असतात आणि अंघोळ-गोळ्या आवरून साडेपाचला येणं त्यांना जड जातं. फुटाळा-अंबाझरी परिसरात उन्हाळ्यात संध्याकाळी गर्दी असते, पण तिथे टेबल लावायचं तर महापालिका आणि पोलीस ठाणे यांच्या परवानगीचा अर्ज निदान तीन आठवडे आधी द्या. खांबांवर, भिंतींवर विनापरवाना फलक लावू नका. मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा जनजागृतीलाही लागू होतो.

सभागृह घेतलंत तर खिडक्यांना जाड पडदे हवेत, कारण अतिनील किरणांतला अ प्रकार साध्या काचेतून आत येतो. जागा मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याजोगी किंवा दारापर्यंत ऑटो येईल अशी. पहिल्या मजल्यावर असेल तर लिफ्ट सुरू आहे का, आदल्या दिवशी बघा. खुर्च्या पाठ टेकायच्या.

कार्यक्रम एका तासाचा पुष्कळ झाला. पाहुण्यांचे सत्कार शेवटी ठेवा किंवा गाळा. आधी दहा मिनिटं निरोप आणि कार्ड, मग पंधरा मिनिटं डॉक्टर, मग अर्धा तास नुसते प्रश्न. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या. गर्भपात, पाळी, लग्न यांबद्दल कोणी माईकवर विचारत नाही.

ऊन टाळायचं कसं, हे प्रात्यक्षिकाने दाखवा. स्कूटीवर नागपूरची प्रत्येक मुलगी तोंडाला दुपट्टा बांधते. तो विरळ पांढऱ्या सुती कापडाचा असेल तर किरणं बऱ्यापैकी आत येतात. दोन दुपट्टे उजेडासमोर धरा. ज्यातून उजेड झिरपतो तो कच्चा, घट्ट विणीचा आणि गडद रंगाचा तो पक्का. मग सनस्क्रीन: एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधलं बोट यांवर टोकापासून बुडापर्यंत काढलेल्या दोन रेघांएवढं, निघण्याआधी १५-२० मिनिटं, बाहेर राहिल्यास दर दोन तासांनी पुन्हा. लोक वाटाण्याएवढं लावतात आणि "काही फरक पडत नाही" म्हणतात. ढगाळ दिवशीही ते लागतं. महाग वाटत असेल तर छत्री, पूर्ण बाह्या आणि दहा ते चार घरात राहणं यानेही बरंच संरक्षण मिळतं, पण कापूस वेचणाऱ्या किंवा बांधकामावरच्या बाईला "घरात राहा" सांगून उपयोग नाही. तिला कामाची वेळ पहाटे-संध्याकाळी घेता येईल का, हे मुकादमाशी बोलावं लागतं. तेही जागृतीचंच काम आहे.

एएनएचं मोफत शिबिर घेऊ नका

एखादी लॅब उत्साहाने म्हणते, पाचशे बायांची एएनए मोफत करून देऊ. नम्रपणे नाही म्हणा. हिशोब असा: १:८० या पातळीला (रक्तद्रव ऐंशी पट पातळ करून तपासल्यावर) निरोगी माणसांतही सुमारे १३ टक्के लोकांची एएनए पॉझिटिव्ह येते. म्हणजे पाचशेत ६५ जणी घाबरणार. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ल्यूपसचं प्रमाण लाखाला सुमारे तीन निघालं होतं. ते दहापट धरलं, तरी पाचशेत एकही रुग्ण सापडण्याची खात्री नाही. त्या ६५ जणींची लग्नं, झोप आणि पुढच्या महागड्या चाचण्यांचा खर्च, याची जबाबदारी कोण घेणार?

शिबिरात रक्तदाब मोजा, आणि कार्डावरच्या दोन तक्रारी असलेल्यांचीच लघवी पट्टीने तपासा. प्रथिनं १+ किंवा जास्त दिसली तर लॅबमध्ये नीट तपासणीसाठी चिठ्ठी द्या. पाळी, ताप, उन्हातली धावपळ यांनीही पट्टी बदलते, म्हणून "मूत्रपिंड खराब" असे शब्द शिबिरात कोणीही उच्चारायचे नाहीत. निकाल खुर्चीवर बसवून, एकटीला सांगायचा.

हमखास येणारे प्रश्न

लागतो का? नाही. एका ताटात जेवा, एका खोलीत झोपा. कॅन्सर आहे का? नाही. नावात ल्यूपस असलेला एक त्वचेचा क्षयही आहे, म्हणून कागदावरचं पूर्ण नाव वाचायला सांगा.

पूर्ण बरा होतो का? आज तरी नाही, पण तो शांत ठेवता येतो, आणि पुष्कळ जणी नोकरी, संसार, मुलं सगळं करतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे उपचाराचं मूळ औषध. २०२० मध्ये कोविडसाठी त्याची पळवापळव झाली तेव्हा ल्यूपसच्या रुग्णांना दुकानं पालथी घालावी लागली. ते मलेरियाचं औषध म्हणूनही ओळखलं जात असल्याने घरचे "मलेरिया तर नाही, बंद कर" म्हणतात. बंद करायचं नसतं, बहुतेकींना गरोदरपणातही ते चालू ठेवतात. डोळ्यांची तपासणी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. स्टिरॉइड चेहरा सुजतो म्हणून एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. कमी करायचं ते डॉक्टरांनी, हळूहळू.

लग्न, मूल? होतं. आजार निदान सहा महिने शांत असावा आणि गर्भाला अपायकारक औषधं (मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फामाइड) डॉक्टरांनी आधीच बदललेली असावीत. मुलाला होईलच असं नाही, बहुतेकांना होत नाही.

खाण्याचं काय? वेगळं पथ्य नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ कमी. मात्र अल्फाल्फाचं टॉनिक टाळा. त्यातल्या एका घटकामुळे ल्यूपस उफाळू शकतो आणि आपल्याकडे ते भूक-ताकदीसाठी सर्रास घेतलं जातं. "प्रतिकारशक्ती वाढवणारे" काढेही नकोत. इथे ती शक्ती कमी पडलेली नाही, ती चुकीच्या दिशेने पेटली आहे. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.

तुमच्या टेबलाशेजारी कोणी "ल्यूपस मुळापासून बरा" अशी पत्रकं वाटायला आला तर त्याला थांबवा. अशा जाहिरातींना बंदी करणाऱ्या १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या यादीत ल्यूपसचं नाव आहे.

रुग्ण बोलणार असेल तर

तिचं बोलणं डॉक्टरांच्या भाषणापेक्षा खोल जातं, पण किंमत तीच मोजते. लग्नाचं वय असलेल्या मुलीला व्यासपीठावर आणण्याआधी तिला एकटीला विचारा, आईवडिलांसमोर नको. मोबाइलवर चित्रण होणार का, ते व्हॉट्सॲपवर फिरणार का, हे स्पष्ट सांगा. "आता नको वाटतं" म्हणायची मुभा शेवटच्या क्षणापर्यंत हवी. नाव न सांगता तिने लिहिलेलं दुसऱ्या कोणी वाचलं तरी चालतं.

पावसाळा विसरू नका

मेमध्ये काम संपत नाही. जुलै ते ऑक्टोबर नागपुरात डेंग्यू आणि चिकनगुनियाचा हंगाम. ताप आणि प्लेटलेट कमी म्हटलं की डेंग्यू, सांधे धरले की चिकनगुनिया, हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर असतो, आणि म्हणूनच ल्यूपस त्याच्या आड लपतो. डेंग्यूतल्या प्लेटलेट सहसा दहा-बारा दिवसांत सावरतात. तीन आठवड्यांनंतरही कमी असतील किंवा पुन्हा घसरल्या, तर पुढे तपासायला हवं. चिकनगुनियाचं दुखणं महिनोन्महिने राहतं, पण त्यात लघवीतून प्रथिनं जात राहत नाहीत. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. रक्त कमी, हातपाय दुखतात, की सगळं त्याच्या खात्यावर जमा होतं. सिकलसेल असलेल्यालाही ल्यूपस होऊ शकतो. ऑगस्टमध्ये लॅबवाल्यांकडे आणि मोहल्ल्यातल्या डॉक्टरांकडे पत्रक घेऊन दुसरी फेरी मारा.

ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर राज्यभरातून लाखो लोक येतात. तिथे आरोग्याच्या स्टॉलवर कार्डांचे गठ्ठे ठेवता येतात. या वेळी नागपूरच्या रुग्णालयांची नावं वगळून "जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात" असं छापा. वाचणारी बाई नांदेडची किंवा जळगावचीही असू शकते.

शिबिरात चिठ्ठी दिलेल्या प्रत्येकीचा फोन नंबर तिच्या संमतीने एका वहीत लिहा. ती वही एकाच जबाबदार व्यक्तीकडे, कुलपात. पंधरा दिवसांनी फोन: तपासणी झाली का? नसेल तर का? पैसे, सुट्टी, सासू, भीती, यांतलं कारण लिहून ठेवा. पैशांचं असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांशी किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राशी गाठ घालून द्या. सोबतीचं असेल तर तुमच्यातली एखादी सकाळी सातला तिच्यासोबत मेडिकलच्या केसपेपर खिडकीवर उभी राहू शकते. दीड महिन्याने पुन्हा फोन करा आणि तपासणी झालेल्यांची नावं वहीत खोडून ती वही नष्ट करण्याची तारीख ठरवा.